तानूची विहीर

माझं भूत झालंय हे मला चटणीच्या गिरणीत कळलं. चैत्राचे दिवस, म्हणजे आमचा हंगाम. सगळ्या कोल्हापूरची मिरची उन्हात वाळून, देठं खुडून, पिशव्यांतनं आमच्या दारात येऊन बसते आणि तिच्याबरोबर तिच्या मालकिणी येऊन बसतात. कुणाचा कुणावर विश्वास नाही. माझ्या ब्याडगीत तुझी लवंगी मिसळली तर, माझ्या खोबऱ्यातलं वाटीभर कमी झालं तर, म्हणून जिची मिरची ती समोर ठाण मांडून बसणार. त्यात त्या दिवशी लाईट गेली. कांडपाचे लोखंडी मुसळ वर होते ते वरच राहिले, आणि एवढा वेळ जिथं शेजारणीचं बोलणं ऐकू येत नव्हतं तिथं एकदम माश्यांचा आवाज यायला लागला. बायका पदरानं वारा घेत बसल्या. सरनोबत वहिनींनी पिशवीतनं वाचनालयाचा दिवाळी अंक काढला. दिवाळी होऊन पाच-सहा महिने झालेले, पण वाचनालयाचा अंक सगळ्या पेठेच्या हातातनं फिरून उन्हाळ्यातच मिळायचा. वहिनींचे मालक कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळं वहिनींना वाचनाचा नाद आणि मोठ्यानं वाचायचा त्याहून जास्त. लेख होता जगातल्या झपाटलेल्या जागांवर. लंडनला कुठल्या किल्ल्यात एक राणी आपलं मुंडकं काखेत धरून हिंडते. पॅरिसच्या पोटात कवट्यांनी रचलेले बोगदे आहेत. राजस्थानात एक गाव एका रात्रीत उठून गेलं ते परत वसलंच नाही. आणि लोक म्हणे तिकिटं काढून, विमानात बसून हे बघायला जातात. एक बाई म्हणाली, पैशाची मस्ती, दुसरं काय. सगळ्या हसल्या. मीही हसले. मग वहिनींनी पान उलटलं आणि म्हणाल्या, "अगं बया, आपल्या चंदगडचंबी हाय की ह्यात."

करंजखिंडीचा मुसाफिरी बंगला. इंग्रजांच्या वेळचा. बंगल्यामागं जांभा दगडाची विहीर, तिला तानूची विहीर म्हणतात. तानू ही बंगल्याच्या चौकीदाराची तरणी बायको, तिनं ह्या विहिरीत जीव दिला, प्रेत मिळालं नाही. अमावस्येला तिच्या काकणांचा आवाज येतो. बंगल्यातल्या कोपऱ्याच्या खोलीचं न्हाणीघराचं दार संध्याकाळी कडी लावून बंद केलं तरी सकाळी उघडं सापडतं. बारा वर्षांनी तिनं आपल्या नवऱ्यालाही त्याच विहिरीवर ओढून नेलं. गोव्याला जाणारे गोरे मुद्दाम वाट वाकडी करून येतात आणि कोपऱ्याची खोली मागून घेतात. शेजारी चित्र होतं. वहिनींनी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं. मोकळे केस सोडलेली, पांढरं लुगडं नेसलेली एक बाई विहिरीच्या काठावर उभी, पाय उलटे. माझ्याकडं अंक आला तेव्हा मी बराच वेळ ते पाय बघत राहिले. पांढरं लुगडं मी उभ्या जन्मात नेसले नाही. आणि नवरा मेला हे मला असं समजलं, मिरचीच्या ढिगाऱ्यापाशी बसून, दुसऱ्याच्या दिवाळी अंकातनं, तेही मीच त्याला मारला म्हणून. लाईट आली. मुसळ धाडकन खाली आले. मला खोकल्याची उबळ आली आणि डोळ्यांना पाणी आलं. ते आमच्या गिरणीत सगळ्यांच्याच डोळ्यांना येतं, त्यामुळं कुणी विचारायचं कारण नव्हतं.

इथं मला कुणी तानू म्हणत नाही. आक्का म्हणतात. गिरणी बाबालालभाईंची. भाई आता थकलेत, गल्ल्यावर बसून असतात, पण तेव्हा ते लॉरी चालवायचे. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या सालची गोष्ट. मी चंदगडच्या रस्त्यावर अनवाणी उभी होते आणि ह्या माणसानं भाताची पोती भरलेली लॉरी थांबवून विचारलं, "कुठं जायाचं, भाभी?" मी म्हणाले, गाडी जाईल तिथं. त्यांनी मला पोत्यांवर बसवलं, कोल्हापुरात आणलं आणि सरळ आपल्या घरी चाँदबीच्या हवाली केलं. चाँदबीनं मला न्हायला पाणी दिलं आणि मी न्हात होते तेवढ्यात नवऱ्याला दारात उभा करून असा झाडला की आतपर्यंत ऐकू येत होतं. मग मला भाकरी वाढली, समोर बसली आणि म्हणाली, "अब बोल." मी बोलले. सगळं नाही, पण पुरेसं. ती ऐकून घेऊन उठली आणि तिनं नवऱ्यालाही जेवायला वाढलं.

काय बोलले ते आता आठवायचं म्हटलं तर फक्त एक कडी आठवते. बंगल्यावर साहेब लोक उतरायचे. जंगलचे, रस्त्याचे, कसले कसले. ज्ञानू, म्हणजे माझा नवरा, त्यांची कोंबडी रांधायचा, बूट पुसायचा, सलाम ठोकायचा आणि घरी येऊन आमच्यावर साहेबी करायचा. नोकरीत कायम नसायचं कुणी, आज ठेवतील उद्या काढतील, ह्याचं भय त्याच्या पोटात असायचं आणि ते भय तो मला मारून काढायचा. मार मी सोसला असता. सगळ्याच सोसत होत्या, त्यात काय मोठं. पण त्या दिवशी दिवस मावळताना तो म्हणाला, "कोपऱ्याच्या खोलीत पाण्याचा तांब्या ठिवून ये." मी आत गेले. साहेब खुर्चीत बसून बूट काढत होता. पोटावर पट्टा सैल केलेला, वयानं माझ्या बापाएवढा. मी तांब्या ठेवला, वळले, आणि बाहेरनं कडी लागली. तो आवाज मला अजून येतो. मुसळांच्या दणदणाटातही येतो. लोकांना म्हणे माझ्या काकणांचा आवाज ऐकू येतो. त्यांनी तो ऐकावा, मला हा पुरे. साहेबानं वर बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याला घाई नव्हती. मी म्हणाले, न्हाणीत पाणी ठेवते. जुन्या बंगल्यांच्या न्हाणीघराला मागनं एक बुटकं दार असतं, झाडूवाल्यानं साहेबाच्या खोलीतनं जायला नको म्हणून. मी त्या दारानं बाहेर पडले. विहिरीच्या कडेनं, करंजाच्या झाडांतनं, खाली रस्त्याला. सकाळी ते दार उघडं सापडलं हे खरं आहे. तेवढंच काय ते त्या लेखात खरं.

आणि हौसा. माझी लेक, चार वर्षांची, सासूच्या कुशीत झोपलेली. कुणी मला शहाणपणा शिकवायला येऊ नये की आई लेकराला टाकून कशी गेली. खोपटात शिरले असते तर पोरीला घेऊन बाहेर पडायच्या आत ज्ञानूनं परत त्या खोलीत घातली असती. मी चार दिवसांनी आणीन म्हणाले. चार दिवसांचे पंधरा झाले. कुणाला पाठवायचं हा प्रश्न होता. माहेरी पाठवण्याजोगं कुणी नव्हतं. वाट माहीत असलेला एकच माणूस, बाबालालभाई. भाई गेले. बिचारे चांगली टोपी घालून, पोरीसाठी कुरमुऱ्याची पुडी घेऊन गेले. तोपर्यंत सासू गावात सांगत होती की तानू माहेराला गेलीया, येईल. पण दारात मुसलमान लॉरीवाला उभा राहून तानूची पोर मागतो म्हटल्यावर गल्लीत काय व्हायचं ते झालं. सासूनं सगळ्यांच्या देखत चुलीवरचं आधण उतरवलं, अंगणात येऊन बसली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरनं गार पाण्याचा तांब्या ओतून घेतला. म्हणाली, "तानू हिरीत पडून मेली. आमी तिच्या नावानं आंगुळ केली. तू कोण इचारणारा?" मग ज्ञानूनं ओतून घेतला. मग, भाई म्हणाले, त्या चिमुरडीलाही मधी बसवून तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. पोर गार पाण्यानं किंचाळली. आमच्यात जितं माणूस नकोसं झालं की त्याच्या नावानं आंघोळ करायची, म्हणजे ते मेलं. सुतक नाही, खांदेकरी नाही, लाकडाचा खर्च नाही. एका तांब्यात काम. भाई परत आले, कुरमुऱ्याची पुडी चाँदबीच्या हातात दिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "जाने दे, बहेन. तू मर गई."

एवढ्यावर माणसानं गप बसावं. मी बसलेही. एवढी वर्षं मिरच्या कांडल्या, चाँदबीची बाळंतपणं काढली, पेठेतल्या निम्म्या बायकांशी भांडले. कपाळाला कुंकू लावत राहिले, कारण नवरा जिवंत होता, आणि त्याच्यावर थुंकावंसं वाटलं तरी कुंकू माझं होतं. लेख वाचला त्या दिवशी घरी जाऊन आरशापुढं उभी राहिले. आता काय करायचं. पुसायचं का? मेलेल्या बाईनं मेलेल्या नवऱ्याचं कुंकू पुसायचं असतं का, हे कुणाला विचारणार? तिकडं तर मी अहेव गेले होते, भरल्या कपाळानं. तिकडच्या कुठल्या बाईला माझ्यासारखं मरण लाभावं म्हणून मनातल्या मनात माझा हेवाही वाटत असेल. चाँदबी म्हणाली, "राहू दे की. तुझ्या तोंडाला बरं दिसतं." मी राहू दिलं. पण जीव थाऱ्यावर राहिला नाही. मिरची चाळताना, भाकरी थापताना, एकच. हौसा तिथंच असेल का? ती मला काय समजत असेल? विहिरीतलं उलट्या पायांचं काहीतरी? तिला कुणी सांगितलं असेल का, की तुझी आई तुला टाकून मेली नाही, ती कोल्हापुरात जिवंत आहे आणि तिला खोकला आहे? मला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा बघून मला आई म्हणावं. माझ्या तोंडाकडं बघून, एवढंच. मग परत मारा, हरकत नाही.

तर सरनोबत वहिनींनीच घाट घातला. उन्हाळ्याची सुट्टी, मालकांच्या ओळखीची जीप, आणि मुद्दाम अमावस्या गाठायची, दिवसाउजेडी जाऊन यायचं. वहिनी म्हणाल्या, "आक्का, तुमचं बोलणं तिकडचंच वाटतंय की. चला वाटाड्या म्हणून." मी आढेवेढे घेतले तेवढे शोभेपुरते. कागल गेलं, निपाणी गेली, गडहिंग्लजला जीपवाल्यानं चहाला थांबवलं. सरनोबत म्हणजे वहिनींचे मालक सबंध वाटेत भूत नसतंच हे सिद्ध करत होते. मेल्यावर मेंदू बंद पडतो, मग कोण हिंडणार? वहिनी त्यांना गप करत होत्या, आज अमावस्या आहे, नाव काढू नका म्हणून. मी मागं टपाच्या दांडीला धरून बसले होते. चंदगडच्या पुढं रान लागलं आणि काजूच्या बोंडांचा आंबूस वास आला. तो वास आला आणि माझ्या पायांना, चपलांतल्या पायांना, एकदम खडे टोचायला लागले. चप्पल काढून बघितली. काही नव्हतं. वहिनींनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, मुंग्या आल्या.

बंगला मी आठवत होते त्याहून लहान होता. कौलं नवी, भिंतींना निळा रंग, दाराला पाटी. दोन गोरे पोरगे पायऱ्यांवर उघडे बसून केळी खात होते. ज्या बंगल्यात आम्हाला पुढच्या दारानं पाऊल टाकायची बंदी, तिथं आता जो येईल त्याला पुढच्या दारानं नेऊन मी कुठनं गेले ते हे लोक दाखवत होते. आम्हाला आधी भेटली ती चिमणाबाई. ज्ञानूची दुसरी बायको, आता विधवा, केस पिकलेले, दात पुढं. चेहरा गरीब गाईसारखा. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक होता. वहिनींच्या नजरेतनं दागिना सुटत नाही. "हे काय वो, देवाचा टाक गळ्यात?" चिमणाबाईनं तो पदरातनं वर काढून दाखवला. "देव न्हवं. ही माजी थोरली. तानाबाई. पयली मेली की दुसरीनं तिला गळ्यात घालायची, मग ती धरत न्हाई. नवं लुगडं आलं की आदी हिला दावतो, मग मी नेसतो. नवरा मेला तरी मी हिला काडली न्हाई." वहिनींनी टाक निरखला आणि मला म्हणाल्या, बघा की आक्का. मी तो हातात घेतला. चिमणाबाईच्या गळ्याच्या उबेनं तो गरम होता. बोटाच्या पेराएवढी बाई, दोन ठिपक्यांचे डोळे, रेघेचं तोंड, घासून घासून नाक गेलेलं. मी जिवंत होते तेव्हा त्या घरात मला नवं लुगडं सोडा, जुनंही कुणी आधी दाखवलं नाही. आणि ही परकी बाई, माझी सवत, मला एवढी वर्षं छातीशी धरून बसली होती. मला तिचा राग यायला पाहिजे होता. तो काही केल्या येईना. मी टाक सोडला आणि तो परत तिच्या पदरात गेला.

मग हौसा आली. मला कुणी सांगावं लागलं नाही. माझी सासू जशी चालायची तशी चालत होती, टाचा आपटत. उंच, सावळी, हातभर हिरव्या काकणांची. तिचा नवरा आता चौकीदार होता आणि विहीर दाखवायचं काम तिच्याकडं होतं. तिनं आमच्यावरनं नजर फिरवली. सरनोबतांवरनं, वहिनींवरनं, माझ्यावरनं. माझ्यावर ती थांबली असं मला वाटलं, पण मला तर काहीही वाटलं असतं. "या पावणं," म्हणाली, आणि निघाली. कोपऱ्याच्या खोलीत तिनं आम्हाला नेलं. खुर्ची तीच नसेल, पण तिथंच होती. ती पाठ केलेलं बोलावं तसं बोलायला लागली, चढउतार जिथल्या तिथं. "हितं माजी आई दिवाबत्ती करायची. लई सत्त्वाची बाई. साहेब लोकबी तिला मान द्यायचे." सरनोबतांनी विचारलं, मग जीव का दिला? "देवीचं बोलावणं आलं. मला कडंला घिऊन हिरीवर गेली, मला काठावर ठिवली आणि म्हणाली, हौसा, मागं फिर. आणि गेली." वहिनींनी डोळे पुसले. मी त्या खुर्चीकडं बघत होते. माझ्या पोरीच्या तोंडून साहेबानं मला मान दिला. ज्ञानू त्यात कुठं नव्हताच, कडी नव्हती, काही नव्हतं. त्यांनी माझ्या मरणातनंसुद्धा त्याला सोडवून घेतला होता. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण ओरडायचं कुणाच्या तोंडानं? तिथं उभी होती ती कोल्हापूरची आक्का, जीपमधनं आलेली.

न्हाणीघराच्या बुटक्या दारातनं वाकून आम्ही मागं विहिरीवर गेलो. काठावर शेंदूर फासलेला दगड, हिरवी काकणं, सुकलेली फुलं, करंजाच्या फांदीला खणांच्या चिंध्या. गावातल्या बाया पोरांची आजारपणं घेऊन माझ्याकडं, म्हणजे त्या दगडाकडं, येतात, हौसा सांगत होती. आज अमावस्या म्हणून निवद होता. चिमणाबाईनं झाकलेलं ताट आणून दगडाशी टेकवलं आणि ती गेली. "निवद फक्त माज्या हातानं चालतो," हौसा म्हणाली. "मी एकली असताना ठेवतो. ठेवला की मागं वळून बगायचं न्हाई. बगितलं तर ती पाठोपाठ घरला येती." सरनोबत हसले. हौसानं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी हसू आवरलं. मग म्हणाली, "तुमी म्होरं जावा. फराळाचं केलंय. ह्या मावशींस्नी दम लागलाय, मी घिऊन येतो." आणि ती दोघं गेली.

हौसा खाली बसली. ताटावरचं केळीचं पान सारखं करत बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "खोकला अजून हायच का?" आणि तीच बोलत राहिली. "आजीनं मरताना सांगितलं. तुजी आई जित्ती हाय म्हणाली, कोल्हापुरात, त्या लॉरीवाल्याच्या गिरणीत. माजं लगीन झालतं. अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून मालकांसंगं आल्तो. गिरणीच्या समोर उबा राहिलो. तुमी मिरचीच्या ढिगावर बसून कुणाला तरी शिव्या देत हुतासा. मग खोकलासा. पाणी पिलासा. मी बगितलो आणि गेलो." मी म्हणाले, "हाक का मारली न्हाईस गं?" ती म्हणाली, "काय म्हणून मारू?" आणि प्रथमच तिनं वर बघितलं. डोळे माझेच होते. त्यात पाणी नव्हतं. मी तिला सांगायला लागले. कडी, साहेब, बाप, लॉरी, कुरमुऱ्याची पुडी. भराभर, एकात एक. तिनं ऐकलं. सगळं ऐकलं. मध्ये एकदा तिचा हात पानावर थांबला, कडीशी. "असंल," म्हणाली. "बाबा तसाच हुता. मी कुटं न्हाई म्हणतोय."

"मग?" मी म्हणाले. "मग काय? मेलेल्या आईच्या पोरीचं लगीन हुतंय. पळालेल्या आईच्या पोरीचं हुत न्हाई. तुमी मेलासा म्हणून मला घर मिळालं. माज्या मालकांस्नी ही नोकरी मिळाली, साहेबांनीच दिली, तानूची लेक म्हणून. भूत म्हणून तुमी लई चांगल्या हायसा. कुणाचं वाईट केलं न्हाईसा. आजारी पोरं बरी केलासा. रडायला आलं की मी हितंच येतो, तुमाला सांगतो. ह्या हिरीला. तिनं मला कधी काय इचारलं न्हाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "माज्या थोरलीचं ठरलंय. गडहिंग्लजचं घर हाय, तालेवार. म्होरल्या महिन्यात अक्षता. सोयऱ्यांनी आदी हिरीवर यिऊन नारळ फोडला, मग सुपारी फोडली. आता मी त्यांस्नी सांगू, आजी कोल्हापुरात मुसलमानाच्या गिरणीत चटणी कांडती?" मला बोलायचं होतं की बाबालालभाई माझ्या भावापरीस आहेत, चाँदबीनं मला जिवंत ठेवलं, तुझ्या देवमाणसांनी मारलं. पण नातीचं लग्न आहे हे मला माहीत नव्हतं. नात आहे हेच माहीत नव्हतं. मी विचारलं, "नाव काय तिचं?" हौसा म्हणाली, "तानाबाई."

सरनोबत वहिनींची पुढनं हाक आली, आक्का, फराळाला या म्हणून. हौसा उठली. मला वाटलं गेली. पण तिनं ताट उचललं आणि दगडाच्या पुढनं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. भात, आमटी, पुरण, काजूच्या ओल्या गरांची उसळ. ती मला आवडायची. सासूशिवाय ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणजे थेरडीनं सांगितलं होतं. हौसा म्हणाली, "दर अवसंला तुमच्या नावानं टाकतोय. कावळंच खात्यात. आज जेवून जावा." मी तिच्या तोंडाकडं बघितलं. आता म्हणेल. ताट पुढं करताना तरी माणूस काहीतरी म्हणतंच. तिनं दोन्ही हात जोडले, त्या दगडाला जोडतात तसे, मला. वाकली. उभी राहिली आणि पाठ फिरवून चालायला लागली.

मी बघत बसले. बंगल्याच्या कोपऱ्यापाशी तिची चाल मोडली. ती थांबली. एक हात भिंतीला लावला. तिचे खांदे हलत होते आणि मी मनात म्हणत होते, बघ, एकदा बघ, हौसा, मी येत नाही तुझ्या पाठोपाठ, नुसती बघ. तिनं पदर डोक्यावर घेतला, घट्ट धरला आणि तशीच आत गेली. मी भात कालवला. आमटी अजून गरम होती. प्रत्येक घासाला मी तिला शिवी दिली, तिच्या बापाला दिली, गडहिंग्लजच्या त्या तालेवारांना दिली, आणि पान पुसून सगळं खाल्लं. कावळ्यांना शीत ठेवलं नाही.